कट कधी येतो ते बघा: अलीकडचे सिनेमे आणि त्यातला अभिनय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या दोन-तीन वर्षांत थिएटरात आणि ओटीटीवर मिळून तुम्ही दोघांनी हिंदी, मराठी, मल्याळम, तमिळ असे पुष्कळ सिनेमे पाहिले. परीक्षणं वाचावीत तर प्रत्येक नट ‘दमदार’ आणि प्रत्येक भूमिका ‘कारकिर्दीतली सर्वोत्तम’. घरात मात्र वाद. एकाला जे थोर वाटतं ते दुसऱ्याला नाटकी वाटतं. तर मग अभिनय चांगला आहे हे तुमच्यासारख्या नियमित प्रेक्षकाने ओळखायचं कसं, आणि अलीकडे खरं चांगलं काम कुणी केलंय?

मी संकलक आहे. शूटिंग संपलं की नटाने दिलेले सगळे टेक, म्हणजे एकाच शॉटचे पुन्हा पुन्हा केलेले प्रयत्न, माझ्याकडे येतात, फसलेलेसुद्धा. त्यामुळे माझं उत्तर एडिटिंगच्या टेबलावरून येणार आणि त्यात त्या टेबलाचा पूर्वग्रहही येणार. पुढे काही सिनेमांची गोष्ट थोडीफार उघडी होईल, तेही आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट ही की पडद्यावर दिसतो तो अभिनय नटाने सेटवर केला तस्साच नसतो. दोन माणसं टेबलाशी बसून बोलताहेत असा साधा प्रसंग घ्या. त्याचा एक मास्टर शॉट, म्हणजे अख्खा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट, घेतात, मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा, दुसऱ्याच्या खांद्यावरून पहिल्याचा, मग दोघांचे क्लोज-अप. प्रत्येकाचे अनेक टेक. यातलं काय ठेवायचं ते दिग्दर्शक आणि मी बसून ठरवतो. नट कच्चा असेल तर वाक्याचा पहिला अर्धा भाग एका टेकमधून घ्यायचा, उरलेला दुसऱ्यातून, आणि सांधा दिसू नये म्हणून मधे समोरच्याचा चेहरा लावायचा. शेवटच्या शब्दावर आवाज पडला असेल तर तो शब्द तिसऱ्याच टेकमधला उचलायचा. तरी नाहीच जमलं तर खालून व्हायोलिन आहेच. असं करून ‘बरा’ नट ‘छान’ होतो आणि परीक्षणात त्याचं नाव येतं. आमच्या धंद्यात हे उघड गुपित आहे.

म्हणून प्रेक्षक म्हणून तुमच्या हातात जे सगळ्यात उपयोगी साधन आहे ते चेहऱ्यात नाही, कटमध्ये आहे, म्हणजे एक शॉट संपून दुसरा लागतो त्या जागेत. महत्त्वाच्या क्षणी कॅमेरा नटाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबलाय ते बघा. थांबलाय आणि तुम्हाला चुळबुळावंसं वाटत नाहीये, म्हणजे त्या माणसाने काहीतरी दिलंय आणि टेबलावर बसलेल्यांना त्याला हात लावावासा वाटला नाही. उलट नायक रडायला लागला की लगेच समोरच्याचा चेहरा, मग खिडकी, मग पाऊस, मग पुन्हा नायक, असं सुरू झालं की समजावं, इथे काहीतरी झाकलंय. हा नियम सरसकट लावू नका. मारामारीत, विनोदात कट भराभर येणारच. आणि काही दिग्दर्शकांना लांब शॉटचा नुसताच षोक असतो, नटाला त्यात काही करायला दिलेलं नसतं. पण भावनेच्या प्रसंगात ही खूण सहसा फसत नाही.

दुसरी खूण: बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे बघा. संवाद पाठ करता येतो, आवाज कमावता येतो. ऐकण्याची तालीम फार कमी नटांनी केलेली असते. रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, बघताना मला नट कळतो तो खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये, त्याला वाक्य नसतं तेव्हा. कच्चा नट आपल्या वाक्याची वाट बघत असतो. डोळे समोरच्याच्या डोळ्यांवर असतात, पण मनात आपली ओळ चालू असते, आणि वाक्य यायच्या क्षणभर आधी ओठ हलायला लागतात. हे तुम्हाला घरच्या टीव्हीवरसुद्धा दिसेल. एकदा दिसायला लागलं की मग दिसतच राहतं, त्याला इलाज नाही.

ऐकण्याचं अलीकडचं सगळ्यात सुंदर उदाहरण माझ्या लेखी अविनाश अरुणचा ‘थ्री ऑफ अस’ (2023). मुंबईत नोकरी करणाऱ्या शैलजाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. आठवणी आहेत तोवर ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला जाते, लहानपणी जिथे काही वर्षं राहिली तिथे. तिथे शाळेतला प्रदीप कामत भेटतो. शेफाली शाह आणि जयदीप अहलावत दोघांचं कौतुक सगळ्यांनी केलं, ते योग्यच आहे. मी मात्र तुम्हाला स्वानंद किरकिरेकडे बघायला सांगेन. तो नवरा आहे. आपली बायको जिथे कधी नव्हे इतकी मोकळी झालीय तिथे आपण कधीच नव्हतो, हे त्याला हळूहळू कळत जातं. त्यासाठी त्याला मोठं भाषण दिलेलं नाही. तो चालताना अर्धं पाऊल मागे राहतो, दुसऱ्यांच्या गप्पांत अवघडून हसतो, एखादा प्रश्न विचारतो आणि उत्तर यायच्या आधीच तो विचारल्याचा त्याला संकोच होतो. असं काम टेबलावर बनवता येत नाही. टेबलावर फक्त त्याची वाट लावता येते, दोन कट जास्त मारून. त्यांनी मारले नाहीत.

शेफाली शाहच्या कामातली बारीक गोष्ट सांगते. विसरण्याचा आजार दाखवायचा म्हटलं की नट भुवया आक्रसतात, कपाळाला हात लावतात, शून्यात बघतात. ती यातलं जवळजवळ काहीच करत नाही. एखाद्या ठिकाणी उभी राहिली की तिची नजर त्या जागेवरून जरा सावकाश फिरते, इतकंच. जे दिसतंय ते साठवून घ्यावं तशी. आजार तिच्या विसरण्यात नाही दिसत, तिच्या बघण्यात दिसतो.

याच्या शेजारी मल्याळम ‘किष्किंधा कांडम’ (2024) ठेवून बघा, मुद्दाम ठेवा. त्यात विजयराघवन हा ज्येष्ठ नट अप्पू पिल्लै नावाचा निवृत्त लष्करी माणूस झालाय. जंगलाला लागून घर, घराभोवती माकडं, निवडणुकीमुळे परवान्याची बंदूक जमा करायचीय आणि ती सापडत नाहीये. म्हाताऱ्याला विसरायला होतं, आणि ते तो कुणाला कळू देत नाही. इथे विसरणं खेकसण्यात लपलेलं आहे. कुणी साधा प्रश्न विचारला की तो अंगावर येतो, कारण उत्तर त्याला आठवत नाहीये. पहिल्यांदा बघताना तो नुसता तिरसट वाटतो. गोष्ट कळल्यावर पुन्हा बघाल तर त्याच ओरडण्यात भीती ऐकू येते, आणि आवाज तोच, टेक तोच. एका भूमिकेत दोन भूमिका भरणं म्हणतात ते हे. मुलाच्या भूमिकेतला आसिफ अली बापाकडे बघतो ते कसं बघतो, तेही दुसऱ्यांदा बघताना बघा. पहिल्या खेपेला ते नक्कीच निसटलेलं असतं. तसंच लिहिलंय आणि तसंच केलंय.

मल्याळम सिनेमाचं कौतुक हल्ली सगळेच करतात, मराठी माणूस जरा जास्तच करतो आणि वर ‘आपल्याकडे असं का होत नाही’ म्हणून उसासे टाकतो. मला तो सूर आवडत नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. तिथे वयस्कर नटांना पडद्यावर वयस्कर होऊ देतात. मामुट्टीने ‘काथल’मध्ये (2023) असा गृहस्थ केला, ज्याच्या बायकोने तो समलिंगी असल्याच्या कारणावरून घटस्फोट मागितलाय आणि इकडे तो स्थानिक निवडणुकीला उभा आहे. लगेच काही महिन्यांनी ‘भ्रमयुगम’मध्ये (2024) कृष्णधवल पडद्यावर तोच माणूस किडलेल्या दातांचा, क्रूर, जुन्या वाड्याचा धनी. पहिल्या सिनेमात त्याने स्वतःला इतकं आत ओढून घेतलंय की म्हाताऱ्या वडिलांसमोर तो कोसळतो तेव्हा आपल्याला दचकायला होतं. दुसऱ्यात तो प्रत्येक शब्द चाखत बोलतो. एवढ्या मोठ्या नावाचा नट इतक्या सहज आकार बदलतो आणि त्याचे चाहतेही त्याला ते करू देतात, हे खरं कौतुकाचं.

आता तुमच्या भांडणाचा मुख्य मुद्दा, ‘नाटकी’. मोठ्याने केलेला अभिनय वाईट आणि दबक्या आवाजातला चांगला, अशी एक समजूत ओटीटीच्या काळात रुजली आहे. ती चुकीची आहे. प्रसंग कुणाचा आहे आणि त्या माणसाला मोठं व्हायचं कारण आहे का, एवढंच बघायचं. ‘दशावतार’ (2025) घ्या. कोकणातला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री, आणि तो रंगवणारे दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडलेले. दशावतार हा रात्रभर उघड्यावर चालणारा खेळ, तिथे नजर, हात, आवाज सगळं शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला हवं. ते मोठंच हवं. आणि तोच माणूस घरात मुलाशी बोलताना हलका झाला पाहिजे. प्रभावळकरांना या दोन्ही पट्ट्या येतात आणि एकीवरून दुसरीवर जाताना त्यांचा सांधा दिसत नाही. सिनेमाच्या उत्तरार्धाबद्दल माझ्या तक्रारी आहेत, त्यात मी इथे जात नाही. पण त्यांचं काम नाटकी आहे असं कुणी म्हणालं तर त्या माणसाने दशावतार पाहिलेला नाही, एवढंच मी म्हणेन.

उलट बाजूने ‘छावा’ (2025). लक्ष्मण उतेकरांच्या या सिनेमाने महाराष्ट्रात थिएटरं अक्षरशः दणाणून सोडली, लोक रडत बाहेर पडत होते, ते सगळं आपण पाहिलंय. विकी कौशलने शरीर, घोडा, तलवार सगळ्याला जीव लावलाय, त्यात शंका नाही. माझी अडचण तो जे करतो त्याच्याशी नाही, त्याच्या आजूबाजूला जे केलंय त्याच्याशी आहे. पहिल्या लढाईपासून पडदा वरच्या सप्तकात आहे. सतत वर राहिलं की शेवटच्या छळाच्या प्रसंगासाठी आणखी वर जायला जागाच उरत नाही. विकी चांगला नट आहे हे मला त्याच्या शांत क्षणांतून कळतं, आणि ते क्षण या सिनेमात मोजकेच ठेवले आहेत. याच सिनेमात अक्षय खन्नाचा औरंगजेब बघा. आपल्याला नाटक-सिनेमांतून हा माणूस डोळे वटारून गडगडाटी हसताना बघायची सवय. अक्षयने म्हातारा, थकलेला, आवाज न चढवणारा बादशहा केला. त्याला घाई नाही. मेकअपचा थर इतका जाड आहे की चेहऱ्याच्या बारीक हालचाली दिसणं अवघड, म्हणून त्याने सगळं काम डोळ्यांवर आणि दोन शब्दांमधल्या थांब्यावर टाकलंय. गोंगाटाच्या सिनेमात हळू बोलणाऱ्याकडे लक्ष जातंच, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. थोडं चतुरपणाचंही काम आहे ते, पण चतुरपणा हा काही नटाचा दोष नव्हे.

येसूबाईंच्या भूमिकेतल्या रश्मिका मंदानाच्या उच्चारांबद्दल बरंच बोललं गेलं. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. भाषेची खात्री नसली की नटाचं अर्धं लक्ष जिभेवर राहतं आणि चेहरा थिजतो. उच्चार डबिंगमध्ये सुधारता येतो, थिजलेला चेहरा नाही. म्हणून भाषा शिकवणारा माणूस नटाला शूटिंगच्या आधी काही महिने द्यावा, आठवडाभर आधी नव्हे.

अक्षय खन्नाचं नाव निघालंच आहे तर ‘धुरंधर’ (2025). साडेतीन तासांहून थोडा मोठा, हिंसा भरपूर, राजकारण उघड, ते ज्याला पटेल त्याला पटेल. अक्षयची नाचत येण्याची क्लिप इतकी फिरली की सिनेमा न पाहिलेल्यांनाही ती पाठ झाली. मला त्या क्लिपहून जास्त आवडला तो रणवीर सिंग. विश्वास ठेवा, हे मी एरवी सहज म्हणणार नाही. एरवी खोलीत सगळ्यांत मोठ्याने बोलणारा हा नट इथे बराच काळ दुसऱ्यांच्या मागे उभा राहून ऐकतो, कारण त्याचं पात्र हेर आहे आणि हेराचं कामच ऐकणं आहे. बाकीचे नट त्याच्यासमोर रंगतात आणि तो त्यांना रंगू देतो. स्टार माणसाला हे जड जातं. आणि राकेश बेदी! आयुष्यभर विनोदी मालिकांत पाहिलेला हा नट लाळघोट्या राजकारण्याच्या भूमिकेत असा काही सुटलाय की तो आला की दृश्य त्याचं होतं.

विनोदावरून ‘लापता लेडीज’ (2024). यात रवी किशनचा इन्स्पेक्टर श्याम मनोहर आहे, तोंडात सदा पान. ते पान म्हणजे संकलकाची डोकेदुखी, कारण कुठल्या टेकमध्ये गाल किती फुगलाय ते जुळवत बसावं लागतं. पण रवी किशनने त्या पानाचा उपयोग बघा. उत्तर द्यायच्या आधी तो चघळतो, आणि त्या चघळण्याच्या वेळात समोरच्याला घाम फुटतो. विनोदाचं टायमिंग म्हणतात ते बहुतेकदा असल्या एखाद्या हातातल्या, तोंडातल्या वस्तूत असतं. हा लाचखाऊ माणूस शेवटी काय करतो ते आपल्याला धक्कादायक वाटत नाही, कारण मधल्या काळात त्याच्या डोळ्यांत कुतूहल दिसत राहिलंय. नुसता लोभ दिसला असता तर तो शेवट चिकटवलेला वाटला असता.

त्याच सिनेमात स्टेशनवर चहाची टपरी चालवणाऱ्या मंजूमाई म्हणजे छाया कदम. आणि त्याच वर्षी पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये, ज्याला कानच्या महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, ती पार्वती आहे, हॉस्पिटलातली स्वयंपाकीण. बिल्डर तिला चाळीतून काढतोय आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. दोन्ही बायका कष्टकरी, दोन्ही फटकळ, दोन्ही एकट्या. आळशी नटीने एकच बाई दोनदा केली असती. छाया कदमची मंजूमाई जगावर चिडलेली आहे आणि त्या चिडण्यातच तिला मजा येते. पार्वती चिडत नाही, ती आवरते. सामान आवरते, नोकरी आवरते, शहर आवरते. मालवणी-मराठी जगातून आलेल्या या बाईला हिंदीवाले इतक्या उशिरा का शोधतात, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणून सोडून देते.

‘ऑल वी इमॅजिन’ची नायिका मात्र कनी कुसृतीची प्रभा. नवरा जर्मनीत, वर्षभरात फोन नाही, आणि एक दिवस तिकडून राइस कुकर येतो. रात्री एकटी असताना ती तो कुकर जवळ घेऊन जमिनीवर बसते. कागदावर वाचलं तर हसू येईल असा प्रसंग. कनीने तो इतका साधेपणाने केलाय की आपण बघतोय याची लाज वाटावी. रडणं नाही, सुस्कारा नाही. संगीत घालायचा मोह कुणालाही झाला असता.

संगीताचंच बोलू. तुमची तिसरी खूण कान आहे. प्रसंगात तुम्हाला भरून आलं की एकदा स्वतःला विचारा, नटामुळे की व्हायोलिनमुळे? घरी बघत असाल तर आवाज बंद करून तोच प्रसंग परत बघा. चांगला नट मुका झाला तरी उरतो. रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’मध्ये (2025), ज्याने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळवलं, संगीताचा हा आधार नाहीच. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि तिथला त्याचा जुना मित्र बाळ्या. कॅमेरा स्थिर, शॉट लांब. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांना लपायला कुठेच जागा नाही, आणि ते लपतही नाहीत. नात्यातली माणसं आनंदच्या लग्नाचा विषय काढतात तेव्हा भूषणच्या चेहऱ्यावर जे होतं ते मोठ्या पडद्यावर बघावं, फोनवर ते दिसणार नाही.

जयंत सोमलकरच्या ‘स्थळ’मध्येही (2025 साली आपल्याकडे आला) कॅमेरा असाच थांबतो, पण तिथे तो वेगळं काम करतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, गावातलीच माणसं, बहुतेकांनी कॅमेरा पहिल्यांदा पाहिलेला. मुलगी बघायला माणसं येतात, पाटावर बसवतात, नाव-शिक्षण-उंची-छंद विचारतात, जातात. पुन्हा दुसरी येतात. नंदिनी चिकटेला प्रत्येक वेळी जवळजवळ तीच उत्तरं द्यायची आहेत. शिकलेला नट इथे प्रत्येक खेपेला काहीतरी नवं करून दाखवायला गेला असता आणि प्रसंग मारला असता. तिने फक्त थोडं थोडं विझायचं होतं. ते झालंय. हौशी नटांकडून असं काम काढून घेणं हा दिग्दर्शकाचा गुण, आणि तो मान्य केला म्हणून नंदिनीचं श्रेय कमी होत नाही.

आवाजाबद्दल आणखी एक. शक्य असेल तर डब केलेली हिंदी आवृत्ती बघू नका. सबटायटल वाचायचा कंटाळा येतो हे कळतं, पण डबिंगमध्ये नटाचा श्वास जातो. सिंक साऊंड म्हणजे सेटवरच ध्वनिमुद्रित केलेला आवाज, त्यात वाक्याआधीचा श्वास, गिळलेला आवंढा, कपड्यांची सळसळ असते. डबिंगमध्ये काही महिन्यांनी थंडगार खोलीत माइकसमोर उभं राहून ते पुन्हा करायचं. मोठे नट करतात, केरळच्या राज्य पुरस्कारांत तर डबिंग कलाकारांना स्वतंत्र पुरस्कार असतात, ती कला आहेच. पण तुम्ही बघता त्या हिंदी आवृत्तीत आवाज तिसऱ्याच माणसाचा, भाषा वेगळी, आणि ओठांत बसावं म्हणून वाक्यही बदललेलं. मग विजयराघवन तुम्हाला नाटकी वाटला तर दोष त्याचा नाही.

हे गाण्यालाही लागू आहे. पंजाबी गायकावरच्या ‘अमरसिंग चमकीला’मध्ये (2024) दिलजित दोसांज आणि परिणीती चोप्रा यांनी आखाड्यातली, म्हणजे तिकडच्या उघड्यावरच्या जलशांतली, गाणी सेटवर प्रत्यक्ष गायली. नेहमीच्या गाण्यात नट ओठ हलवतो, पण मान, छाती, पोट गात नाही. इथे गळ्याची शीर आणि सूर एकाच वेळी ताणलेले दिसतात. दिलजित काही फार तालेवार नट नाही असं म्हणणारे मला भेटतात. त्यांनी तो गात नसतानाचे प्रसंग बघावेत. थोरामोठ्यांसमोर मान खाली घालून, हात जोडून ‘जी’ म्हणणारा हा माणूस मंचावर चढला की त्याची पाठ सरळ होते.

तमिळ ‘मेय्यळगन’ (2024) मी तुम्हाला धंद्यातली गंमत म्हणून सांगते. वडिलोपार्जित घर गमावून तंजावर सोडून गेलेला अरविंद स्वामी बऱ्याच वर्षांनी बहिणीच्या लग्नाला येतो. तिथे एक बडबड्या नातेवाईक, कार्ती, त्याच्यावर प्रेमाचा वर्षाव करतो, आणि याला त्याचं नावच आठवत नाही. दोन माणसं रात्रभर गप्पा मारतात, बस्स. प्रदर्शनानंतर लांबीची तक्रार झाली आणि निर्मात्यांनी सुमारे 18 मिनिटं कापली. संकलक म्हणून मला कापण्याचं वावडं नाही, पण इथे लांबी हेच औषध होतं. नाव न आठवण्याची शरम वाढायला वेळ लागतो. अरविंद स्वामी हसत, मान डोलावत, विषय टाळत तो वेळ भरून काढतो. कार्तीची बडबड अति होते असं म्हणाल तर मी मान्य करेन. समोर तसा अति बोलणारा नसता तर याचं गप्प राहणं उठून दिसलं नसतं, हेही तितकंच खरं.

‘होमबाउंड’बद्दल (2025) मी तुटकच लिहिते, कारण नीरज घायवानचा हा सिनेमा मला अजून नीट दूर ठेवून बघता येत नाही. टाळेबंदीत गावाकडे निघालेल्या दोन मित्रांची, खऱ्या घटनेवरून घेतलेली गोष्ट. ईशान खट्टर मुसलमान मित्राच्या भूमिकेत आहे. साहेबाच्या घरी सगळे भारत-पाकिस्तान सामना बघताहेत आणि थट्टेच्या नावाखाली टोमणे सुरू होतात. त्या टोमण्यांच्या वेळी त्याचा चेहरा बघा. आधी तो सगळ्यांबरोबर हसतो, मग हसू तोंडावर तसंच राहतं आणि डोळे आधी निघून जातात. दुसऱ्या, दलित मित्राच्या भूमिकेतल्या विशाल जेठवाचं काम अधिक अवघड, कारण त्याचा चंदन सतत काहीतरी लपवतोय, अर्जावर जात लिहितानासुद्धा. चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा हा त्या सिनेमातला एक लहानसा तपशील आहे, पण त्यासाठी आईच्या भूमिकेतल्या शालिनी वत्सचं नाव लक्षात ठेवा.

पुरस्कारांवरून अभिनय जोखू नका. 71व्या राष्ट्रीय पुरस्कारांत शाहरुख खान आणि विक्रांत मॅसी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून मिळाला, ‘जवान’ आणि ‘ट्वेल्थ फेल’साठी. या दोन कामांना एका तराजूत कसं घालायचं ते परीक्षकांनाच ठाऊक. विक्रांतचं काम पहिल्या दर्जाचं आहे एवढं मी सांगेन, आणि शाहरुखला पुरस्कार द्यायचाच होता तर तो कित्येक वर्षांपूर्वी, दुसऱ्या सिनेमांसाठी द्यायला हवा होता. त्याच यादीत उर्वशीला मल्याळम ‘उळ्ळोळुक्कु’साठी ‘सहायक’ अभिनेत्रीचा पुरस्कार आहे. सिनेमा तिच्या आणि पार्वती तिरुवोत्तुच्या, सासू-सुनेच्या खांद्यांवर बरोबरीने उभा आहे. त्यातली सासू सहायक कशी?

आणि तुमचा वाद मिटवायला, किंवा नीट पेटवायला, मी हाच सिनेमा सुचवेन. केरळातल्या कुट्टनाडमध्ये पूर आलाय, घरात पाणी, मुलगा वारलाय आणि पाणी ओसरेपर्यंत त्याला पुरता येत नाही. सून गरोदर आहे हे कळल्यावर सासूला वाटतं की मुलगा जाता जाता काहीतरी ठेवून गेला, आणि ती त्या दुःखातही उजळते. सुनेला माहीत आहे की ते मूल त्याचं नाही. उर्वशी मोठ्याने रडते, भांडते, देवाला बोलावते. पार्वती गिळते. तुमच्यापैकी एकाला उर्वशी नाटकी वाटेल आणि दुसऱ्याला पार्वती कोरडी. मूळ मल्याळममध्ये, सबटायटल लावून बघा. ती आनंदाची बातमी कळते तो प्रसंग आला की उर्वशीकडे बघू नका, सगळेच तिच्याकडे बघतात. पार्वतीकडे बघा. मग रिमोटने मागे जाऊन तोच प्रसंग आवाज बंद करून लावा, आणि कुणाच्या चेहऱ्यावरून कट कधी निघालाय ते दोघांनी वेगवेगळं लिहून काढा. तुमच्या दोन याद्या जुळल्या नाहीत तर मला कळवा, मला त्या बघायला आवडतील.